आपले कंडक्टर आपणच

स्टुटगार्टच्या विमानतळावर उतरलं की शहरात जाणारी गाडी इमारतीच्या खालीच मिळते. सरकत्या जिन्यानं खाली जायचं, फलाटावर उभं राहायचं आणि एस 2 किंवा एस 3 क्रमांकाची लोकल पकडायची. अर्ध्या तासात मध्यवर्ती स्थानक येतं. या वाटेवर कुठंही फाटक नाही, कार्ड टेकवून उघडणारं दार नाही, तिकीट मागणारा माणूस नाही. पुण्या-मुंबईहून एका सत्रासाठी शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच: तिकीट काढायचं कुठं, आणि नाही काढलं तर कळणार कुणाला?

या प्रश्नाचं उत्तर नीट उमगलं की जर्मनीतलं निम्मं रोजचं जगणं उमगतं. एसटीत कंडक्टर आपल्यापाशी येतो, कुठं जायचंय ते विचारतो, सुटे नसले तर कुरकुरतो आणि आपला थांबा आला की हाक मारतो. जर्मनीत हे सगळं काम व्यवस्थेनं प्रवाशाच्या अंगावर टाकलं आहे. तिकीट कुठलं लागतं ते आपण ठरवायचं, ते कुठवर चालतं ते आपण वाचायचं, दार आपण उघडायचं, बस आपण थांबवायची. कुणी अडवत नाही आणि कुणी आपणहून सांगतही नाही. नियम मात्र आधीच लिहून टांगलेला असतो आणि तो वाचला आहे असं गृहीत धरलं जातं. गाडीत भेटलेली ही रीत पुढं घरात, कचऱ्यात, परीक्षेत आणि दुकानातही भेटत राहते.

उदाहरणासाठी स्टुटगार्टच घेण्याला कारण आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी-शहरं आहेत. स्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी महाराष्ट्रानं 2015 मध्ये भागीदारी केली. या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला 1,500 युरो शुल्क भरावं लागतं. दोन विद्यापीठांच्या करारातून अदलाबदलीनं आलेल्यांना ते माफ असतं. त्यांना फक्त सत्राची वर्गणी भरायची असते. त्यामुळं अशा विद्यार्थ्याचा खरा खर्च राहणं, खाणं आणि फिरणं यांचाच, आणि त्यातलं फिरणं समजून घेतलं तर बरेच पैसे वाचतात.

तिकीट गाडीचं नसतं

जर्मन शहरांत लोकल एक कंपनी चालवते, ट्राम आणि बस दुसरी, आजूबाजूच्या गावांच्या बस तिसरी. प्रवाशाला याचा पत्ताही लागत नाही, कारण या सगळ्यांनी मिळून एक संघ केलेला असतो. अशा संघाची सुरुवात 1965 मध्ये हाम्बुर्गला झाली आणि नंतर देशभर तीच पद्धत पसरली. स्टुटगार्टच्या संघाचं आद्याक्षरी नाव फाउ-फाउ-एस. लोकल, म्हणजे एस-बान, रेल्वेची. पिवळ्या रंगाची श्टाटबान, म्हणजे ट्रामसारखी गाडी, आणि शहराच्या बस नगरपालिकेच्या कंपनीच्या. तिकीट मात्र एकच. जमलेला पैसा कोणी किती वाटून घ्यायचा हे कंपन्या आपसांत बघतात.

म्हणून इथं तिकीट गाडीचं नसतं, ते हद्दीचं आणि वेळेचं असतं. नकाशावर शहर मधोमध आणि त्याभोवती वर्तुळं आखलेली असतात. स्टुटगार्ट शहर सगळं मिळून एकच विभाग आहे, बाहेर जावं तसे पुढचे विभाग लागतात. जितके विभाग ओलांडाल तितके पैसे. त्या हद्दीत आणि त्या वेळेत लोकलमधून उतरून श्टाटबान धरली, तिच्यातून उतरून बस धरली तरी दुसरं तिकीट लागत नाही. बसनं किंवा श्टाटबाननं तीन थांब्यांपर्यंतच जायचं असेल तर त्याचं वेगळं, स्वस्त तिकीट असतं. नव्या माणसाला ते ठाऊक नसतं आणि यंत्र काही आपणहून सुचवत नाही.

तिकिटाची आणखी एक पायरी असते. काही ठिकाणी यंत्रातून निघालेल्या तिकिटावर वेळ छापलेलीच असते आणि ते लगेच चालू होतं. काही ठिकाणी कोरं तिकीट मिळतं आणि फलाटाच्या तोंडाशी किंवा बसच्या आत असलेल्या लहानशा पेटीत ते सरकवून शिक्का उठवून घ्यावा लागतो. पैसे भरले, तिकीट खिशात आहे, पण शिक्का नाही, तर तपासनीसाच्या लेखी ते विनातिकीटच. म्हणून दुसऱ्या शहरात गेल्यावर तिकिटावरची बारीक अक्षरं एकदा वाचून घ्यावीत.

तपासनीस येतात ते बहुतेकदा साध्या कपड्यांत. दारं बंद होऊन गाडी सुटली की शेजारी उभे असलेले दोघंतिघं अचानक ओळखपत्र काढतात आणि डब्याच्या दोन्ही टोकांकडून तिकिटं बघत येतात. दंड 60 युरो. 2015 पर्यंत तो 40 होता. नवीन आहे, भाषा येत नाही, यंत्र समजलं नाही, यातलं काहीही सांगितलं तरी पावती फाडली जाते. मुद्दाम फुकट प्रवास करणं हा तिथं फौजदारी गुन्हाही आहे आणि वारंवार सापडणाऱ्याला ते महागात पडू शकतं. नावाचा पास घरी राहिला असेल किंवा फोनची बॅटरी संपली असेल तर गोष्ट वेगळी: तो नंतर ठरलेल्या मुदतीत कार्यालयात दाखवला की थोडक्या शुल्कावर सुटका होते.

फाटकं न बसवण्यामागं हिशेब आहे. फाटकं उभारायची, सांभाळायची आणि तिथं माणसं नेमायची तर खर्च येतो, आणि गर्दीच्या वेळी रांग लागते ती निराळीच. त्यापेक्षा सगळ्यांना मोकळं सोडून मधूनच काहींना तपासलं आणि दंड सणसणीत ठेवला की भागतं. पकडलं जाण्याची धास्ती थोडी आणि दंडाची रक्कम मोठी, यावर हे सगळं उभं आहे.

पासचं गणित

2022 च्या उन्हाळ्यात जर्मन सरकारनं महागाईवर उतारा म्हणून तीन महिने एक प्रयोग केला: 9 युरोत महिनाभर देशभर कुठंही फिरा. त्याला मिळालेल्या प्रतिसादातून 1 मे 2023 ला डॉइचलांडटिकेट आलं. तेव्हा त्याची किंमत महिन्याला 49 युरो होती. 2025 मध्ये ती 58 झाली, 2026 पासून 63. या एका पासवर देशातल्या कुठल्याही शहरातली लोकल, मेट्रो, ट्राम, बस आणि सगळ्या प्रादेशिक गाड्या चालतात. सकाळी स्टुटगार्टच्या बसमध्ये दाखवलेला पास संध्याकाळी हाम्बुर्गच्या लोकलमध्येही तसाच चालतो.

चालत नाही ते लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत: आयसीई, आयसी आणि ईसी. फलाटावर दोन्ही प्रकारच्या गाड्या येतात आणि अडवायला कोणी नसतं, त्यामुळं नवखे तिथं हमखास चुकतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे गाडीच्या क्रमांकाआधीची अक्षरं. आरबी, आरई, एस आणि स्टुटगार्टकडची एमईएक्स ही अक्षरं असली की पास चालतो. पांढऱ्या गाडीवर लांबलचक लाल पट्टा दिसला की थांबायचं आणि पाटी वाचायची. वेळातला फरकही ध्यानात ठेवावा. स्टुटगार्टहून म्युनिकला जलद गाडी सव्वादोन तासांच्या आसपास पोचवते. प्रादेशिक गाड्यांनी, वाटेत उल्मला बदलून, तीन-साडेतीन तास लागतात, पण पास असला की वेगळा एक सेंटही पडत नाही. सुट्टीत बहुतेक विद्यार्थी हाच मार्ग धरतात.

विद्यार्थ्यांसाठी हा पास आणखी स्वस्त असतो. अनेक विद्यापीठांत तो सत्राच्या वर्गणीतच धरलेला असतो आणि पूर्ण किमतीच्या 60 टक्क्यांत पडतो. तो सगळ्यांना घ्यावाच लागतो, म्हणूनच तो स्वस्त देता येतो. सायकलनं येणारा विद्यार्थी लांबून गाडीनं येणाऱ्याचा भार थोडा उचलतो. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 27 वर्षांखालच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याचा वेगळा सवलतीचा पास आहे आणि तोही देशभर चालतो. आपल्या विद्यापीठात यांतलं काय लागू आहे ते परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षात विचारून मगच पैसे भरावेत.

पूर्ण किमतीचा पास घेतला असेल तर आणखी एक गोष्ट जपायची. तो एका महिन्यापुरता नसतो, त्याची वर्गणी दर महिन्याला बँकखात्यातून आपोआप वळती होत राहते. महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द केला तर तो त्या महिनाअखेरीस थांबतो. 11 तारखेला आठवण झाली तर पुढच्या महिन्याचेही पैसे गेले. मायदेशी परतताना सामान बांधायच्या आधी हे काम उरकावं.

मिनिटं पाठ होतात

जर्मनीतली वेळापत्रकं ठराविक अंतरानं बांधलेली असतात. तुमच्या थांब्यावरून बस 8 वाजून 7 मिनिटांनी सुटत असेल तर पुढच्या तासाला ती 9 वाजून 7 मिनिटांनीच सुटणार. त्यामुळं वेळा पाठ कराव्या लागत नाहीत, मिनिटं पाठ होतात. स्टुटगार्टच्या लोकल दिवसा साधारण दर पंधरा मिनिटांनी धावतात. एस 1, एस 2 आणि एस 3 या तिन्ही मार्गांच्या गाड्या फाईहिंगेन या भागापासून शहरापर्यंत एकाच रुळांवरून जातात, म्हणून मधल्या ‘युनिवेर्सिटेट’ स्थानकावर सरासरी दर पाच मिनिटांनी कुठली ना कुठली गाडी मिळते. हे स्थानक जमिनीखाली आहे. तिथून शहराकडं निघालेली गाडी लांबलचक बोगद्यातून डोंगर उतरत श्वाबश्ट्रासं स्थानकापर्यंत येते. विद्यापीठ डोंगरावर आणि शहर खालच्या वाटीत, अशी स्टुटगार्टची रचना आहे.

गाडी थांबली म्हणून दार उघडेलच असं नाही. दारावर एक बटण असतं. त्याच्याभोवतीचं कडं उजळलं की ते दाबायचं, मगच दार सरकतं. हिवाळ्यात डब्यातली ऊब टिकावी म्हणून ही सोय. बसमध्ये खांबावरचं लाल बटण दाबलं तर ती पुढच्या थांब्यावर थांबते. थांब्यावर कोणी उभं नसेल आणि आत कोणी बटण दाबलं नसेल तर चालक सरळ पुढं जातो.

काही प्रादेशिक गाड्या वाटेत दुभंगतात. पुढचे डबे एका गावाला जातात, मागचे दुसऱ्या. फलाटावरच्या फलकावर गाडीखाली ए, बी, सी अशी अक्षरं दिसतात आणि तीच अक्षरं फलाटावरही टांगलेली असतात. आपल्या गावाचे डबे कुठल्या अक्षरापाशी लागणार ते पाहून तिथंच उभं राहायचं. डब्याच्या आत आणि बाहेरही गाव लिहिलेलं असतं, चढताना एक नजर टाकावी.

फलकावरचे चारपाच शब्द आधीच ओळखीचे असले की धांदल होत नाही. ‘ग्लाइस’ म्हणजे फलाटाचा क्रमांक. ‘फेरश्पेटुंग’ म्हणजे उशीर. ‘फेल्ट आउस’ म्हणजे गाडी रद्द. आणि ‘एसईव्ही’ अशी तीन अक्षरं दिसली तर रुळांचं काम चालू आहे, गाडीऐवजी बस सुटणार आहे आणि ती स्थानकाबाहेरच्या वेगळ्याच थांब्यावरून मिळणार आहे. स्टुटगार्टमध्ये गेली काही वर्षं शाळांच्या उन्हाळी सुट्टीत लोकलचा मधला मार्ग कामासाठी बंद ठेवला जात आला आहे. तेव्हा ही तीन अक्षरं रोज दिसतात.

याच काळात शहरात चालू असलेल्या मोठ्या रेल्वेकामाचं नाव ‘स्टुटगार्ट 21’. पाउल बोनात्स या वास्तुरचनाकारानं आखलेलं आणि 1922 मध्ये सुरू झालेलं जुनं मध्यवर्ती स्थानक मुंबईच्या सीएसएमटीसारखं टोकाचं आहे: गाडी आत येते आणि उलट्या दिशेनं बाहेर पडते. त्याऐवजी जमिनीखाली आरपार जाणारं स्थानक बांधायचं काम 2010 मध्ये सुरू झालं. ते 2019 मध्ये पुरं व्हायचं ठरलं होतं. मुदत नंतर पुनःपुन्हा पुढं गेली. जर्मन म्हणजे वक्तशीर, ही समजूत घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला या शहरात पहिल्याच दिवशी वेगळं चित्र दिसतं.

लांबची गाडी, उशीर आणि भरपाई

लांब पल्ल्याच्या गाड्यांचे आकडेही तेच सांगतात. सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झाला तर जर्मन रेल्वे गाडी वेळेवर धरते. एवढी सूट घेऊनही 2024 मध्ये तिच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर पोचल्या. म्हणून मुलाखत, विमान किंवा परीक्षा असेल तर मधली गाडी बदलायला पाच मिनिटं देणारं वेळापत्रक ॲप दाखवत असलं तरी एक गाडी आधीची धरावी.

आपल्याकडं आरक्षण म्हणजे तिकीट आणि जागा दोन्ही. जर्मनीत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तिकीट काढलं की गाडीत चढण्याचा हक्क मिळतो, बसायची जागा हवी असेल तर तिचे पैसे निराळे. जागा न घेता चढलं तर बाकावरची पाटी बघायची. तिच्यावर ‘स्टुटगार्ट–मानहाईम’ असं दोन गावांच्या नावांसह दिसलं तर तेवढ्या टप्प्यात ती जागा कुणाची तरी आहे, मानहाईमनंतर ती मोकळी. आरक्षण केलेला माणूस गाडी सुटल्यावर पंधरा मिनिटांत जागेवर आला नाही तर त्याचा हक्क जातो. त्यामुळं भरलेल्या गाडीतही थोडं थांबलं तर बसायला मिळतं.

आधी काढलेलं स्वस्त तिकीट एका विशिष्ट गाडीला बांधलेलं असतं, ती चुकली तर ते वाया. पण उशीर रेल्वेचाच असेल आणि मुक्कामी किमान वीस मिनिटं उशिरा पोचणार असं दिसत असेल तर हे बंधन आपोआप सुटतं आणि दुसरी गाडी धरता येते. तासाभराहून अधिक उशीर झाला तर तिकिटाच्या पाव रकमेइतके पैसे परत मिळतात, दोन तासांच्या वर निम्मे. आपणहून ते खात्यात येतात असं मात्र नाही. अर्ज आपणच भरायचा, रेल्वेच्या ॲपवर तो दोन मिनिटांत होतो.

पायी आणि सायकलवर

रस्ता ओलांडायच्या दिव्यात लाल माणूस असेल तर लोक थांबतात. रात्रीचे अकरा वाजलेत, दोन्ही बाजूंना गाडीचा मागमूस नाही, तरी थांबतात. पायी चालणाऱ्याला त्याचा दंड 5 युरो, म्हणजे नावालाच. शेजारी लहान मूल उभं असलं तर लाल दिव्यात निघालेल्या मोठ्या माणसाला लोक बोलून दाखवतात, ते दंडाहून जास्त लागतं.

सायकलचे नियम मात्र गाडीसारखेच कडक. लाल दिवा तोडला तर 60 युरो, फोन हातात घेऊन चालवली तर 55, अंधारात दिवा नसेल तर 20. पदपथाशेजारी रंगीत किंवा वेगळ्या फरशीचा पट्टा दिसला तर तो सायकलींचा, त्यावर चालू नये. मागून घंटा वाजते ती रस्ता मागण्यासाठी नसून तुम्ही चुकीच्या पट्ट्यावर आहात हे सांगण्यासाठी. डॉइचलांडटिकेटात सायकलीचं तिकीट धरलेलं नसतं, त्याचे नियम गावोगावी निराळे.

स्टुटगार्टच्या चढणीवर सायकल चालवणं मोठ्या जिकिरीचं. त्यावर शहराकडं एक जुनं उत्तर आहे. मारियनप्लाट्स या चौकातून वर डेगरलोखला जाणारी दात्यांच्या रुळांची छोटी गाडी 1884 पासून चालू आहे. लोक तिला त्साकं म्हणतात. दोन किलोमीटरच्या थोडं वर अंतरात ती सुमारे दोनशे मीटर चढते. चढताना तिच्या पुढ्यात एक उघडा, बुटका डबा असतो. सायकलवाले चौकात त्या डब्यावर आपापली सायकल चढवतात, खाचेत उभी करतात आणि मागच्या डब्यात येऊन बसतात. घरांच्या परसबागांमधून गाडी वर सरकत जाते, पुढं सायकलींची रांग आणि खाली हळूहळू उलगडत जाणारं शहर. डेगरलोखला उतरलं की सायकल काढून घ्यायची आणि निघायचं. इथंही सायकल चढवून देणारा कोणी नसतो.

वर्गात आणि मेसमध्ये

विद्यापीठाच्या वेळापत्रकात तासापुढं ‘सी. टी.’ अशी अक्षरं असली तर तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो. दहाला लिहिलेलं व्याख्यान सव्वादहाला. ‘एस. टी.’ लिहिलं असेल तर बरोबर दहाला. व्याख्यान संपल्यावर मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात.

सगळ्यात महत्त्वाची सूचना परीक्षेची. वर्गात नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं तिथं होत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी, ऑनलाइन आणि मुदतीत करावी लागते. ती चुकली तर सत्रभर एकही तास न चुकवलेला विद्यार्थीही परीक्षेला बसू शकत नाही. अदलाबदलीच्या विद्यार्थ्याला तर मायदेशी श्रेयांक दाखवायचे असतात, एका सत्राचे साधारण तीस. म्हणून पहिल्याच आठवड्यात सगळ्या विषयांच्या नोंदणीच्या तारखा शोधून लिहून ठेवाव्यात.

दुपारचं जेवण मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत. विद्यार्थी, कर्मचारी आणि पाहुणे यांना दर वेगवेगळे असतात आणि पैसे बहुधा विद्यार्थिकार्डावर भरलेल्या रकमेतून कापले जातात. शाकाहारी पदार्थ रोज असतात. घटकांचे संकेत पाटीवर आकड्यांत किंवा अक्षरांत दिलेले असतात, त्यांची यादी जवळच लावलेली असते. खाऊन झाल्यावर ताट उचलून सरकत्या पट्ट्यावर नेऊन ठेवायचं.

बेलवरचं आडनाव

जर्मन पत्त्यात रस्ता आणि इमारतीचा क्रमांक असतो, सदनिकेचा बहुधा नसतो. इमारतीत कुठं राहता ते कळतं फक्त बेलवरच्या आणि टपालपेटीवरच्या आडनावावरून. पेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. बँकेचं कार्ड, विम्याची कागदपत्रं, कर क्रमांक, सगळं टपालानंच येतं. म्हणून खोलीची किल्ली मिळाल्यावर पहिलं काम, कागदाच्या चिठ्ठीवर का होईना, पेटीवर नाव लावण्याचं.

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा राहत असल्याचा दाखला लागतो, नुसता भाडेकरार पुरत नाही. मोठ्या शहरांत भेटीची वेळ मिळायलाच दिवस लागतात, म्हणून ती घर पक्कं झाल्याबरोबर मागावी. नोंद झाली की काही आठवड्यांनी एक न मागितलेलं पत्र येतं: सार्वजनिक रेडिओ-दूरदर्शनची वर्गणी, घरामागं महिन्याला 18.36 युरो. टीव्ही नसला तरी ती द्यावी लागते. पण ती माणशी नसून घराची असते, म्हणून घर वाटून घेणाऱ्यांनी एकानं भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा.

स्टुटगार्टकडं भाड्यानं राहिलं तर एके दिवशी दाराच्या मुठीला एक पाटी अडकवलेली दिसेल. तिच्यावर ‘केअरवोखं’ लिहिलेलं असतं. म्हणजे या आठवड्याची झाडलोट तुमची. छोट्या पाळीत आपल्या मजल्याचा जिना, मोठ्या पाळीत अंगण, तळघर आणि इमारतीपुढचा पदपथही. हिवाळ्यात बर्फ पडलं तर तेही हटवायचं. शहराचा तसा नियम 1988 मध्येच रद्द झाला, तरी कित्येक घरांच्या नियमावलीत पाळी टिकून आहे. आठवडा संपला की पाटी शेजारच्या मुठीला अडकवायची.

कचऱ्याचे डबे रंगांनी वेगळे: कागदाचा एक, ओल्याचा एक, प्लास्टिक-पत्र्याच्या वेष्टनांसाठी पिवळा, उरलेल्याचा एक. काच घरात टाकायची नाही. ती चौकातल्या मोठ्या पिंपात, पांढरी, हिरवी आणि तपकिरी अशी वेगवेगळी. रविवारी आणि रात्री तीही टाकायची नाही, खळ्ळकन आवाज होतो.

पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या मात्र कचऱ्यात जात नाहीत. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि डब्यावर 25 सेंट अनामत असते, पुन्हा भरायच्या बाटल्यांवर बहुतेक 8 किंवा 15. सुपरमार्केटच्या दाराशी भिंतीत गोल तोंडाचं यंत्र असतं. बाटली बुडाच्या बाजूनं आत ठेवली की ते तिला गरगर फिरवतं, पट्टीसंकेत वाचतं आणि आत ओढून घेतं. आतून चुरडल्याचा आवाज येतो आणि पडद्यावर 25 सेंट चढतात. म्हणूनच बाटली आधी चेपायची नाही, संकेत वाचता आला नाही की यंत्र ती परत ढकलतं. शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी निघते, ती पैसे भरायच्या खिडकीवर दिली की रक्कम बिलातून वजा होते.

बाटल्या आणि खरेदी, हे सगळं शनिवारपर्यंतच उरकायचं. रविवारी दुकानं बंद असतात. 1919 च्या वायमार राज्यघटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं कलम आजच्या घटनेनं तसंच चालू ठेवलं आहे. बेकरी काही तास उघडते, मोठ्या स्थानकांतली आणि विमानतळावरची दुकानं चालू असतात, तिथं भाव चढे. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारभर शांतताही पाळायची: धुण्याचं यंत्र, ड्रिल, मोठ्यानं गाणी, सगळं बंद.

पहिल्या आठवड्याचा क्रम

ही कामं एकमेकांत अडकलेली असतात, म्हणून क्रम महत्त्वाचा. आरोग्यविमा असल्याशिवाय विद्यापीठात नाव लागत नाही, नाव लागल्याशिवाय कार्ड आणि सवलतीचा पास नाही. घराचा दाखला नसेल तर पत्त्याची नोंद नाही, आणि ती नसेल तर व्हिसा संपण्याआधी मागायचा राहण्याचा परवानाही अडतो. तेव्हा आधी विमा, मग विद्यापीठ, त्याच दिवसांत पेटीवर नाव आणि नगर कार्यालयातली वेळ, मग बँक आणि पास, आणि लगोलग परीक्षेच्या तारखा.

या पद्धतीची एक बाजू विद्यार्थ्याला लवकर आवडू लागते. ओळख काढावी लागत नाही, साहेब जागेवर आहेत का हे बघावं लागत नाही, कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. दुसरी बाजू अशी की नियमाला माणसासारखी दयामाया नसते. मुदत गेली की गेली. वाचता न येणाऱ्याला, वयस्काला, फोन नसलेल्याला ही व्यवस्था जड जाते. जर्मन भाषा शिकताना आपण बोलण्यावर भर देतो. इथं आधी वाचण्यावर द्यावा, कारण पहिले काही महिने पाट्या, पत्रं आणि तिकिटावरची बारीक अक्षरंच जास्त भेटतात. आणि अडलंच तर फलाटावर, रांगेत, शेजारच्या दारी सरळ विचारावं. आपणहून न सांगणारी माणसं विचारल्यावर फार नेमकं सांगतात, बरेचदा आपला फोन काढून पुढची गाडी किती मिनिटांनी आहे तेही दाखवतात.